फिरत्या सुवार्तिकाची सुरुवात: ठाणे आणि नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

नगर, जालना, श्रीरामपूर, संगमनेरकडून तरुण भाऊबहिणी सुवार्तेच्या, म्हणजे येशूचं वचन घरोघर सांगण्याच्या, कामासाठी ठाण्यात आणि नवी मुंबईत येत असतात. बायबल स्कूल झालेलं असतं, मनात तळमळ असते, आणि पहिल्या पंधरा दिवसांतच गर्दी, भाडं, बंद दारं यांनी जीव मेटाकुटीला येतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वचन कसं सांगावं हे तुमच्या पाळकांकडून (पास्टरकडून) शिका. इथे रोजच्या गोष्टी आहेत: कुठे उतरायचं, आधी कुणाला भेटायचं, घरात कसं बसायचं, पैशांचं काय करायचं, थकल्यावर काय करायचं.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगतो. या शहरात नवीन घर गाठणं सोपं आहे. त्याच घरी, सांगितलेल्या दिवशी, पुन्हा जाणं अवघड आहे. फिल्टर विकणारा, सर्व्हेवाला, निवडणुकीआधीचा कार्यकर्ता, सगळे एकदा येतात आणि जातात. तुमचीही गणना आधी त्यांच्यातच होते. गुरुवारी येतो म्हणालात आणि गुरुवारी खरंच दारात उभे राहिलात, की मग लोक तुमच्याकडे बघायला लागतात. म्हणून घरं कमी धरा आणि फेऱ्या जास्त करा.

पायरी १: आधी मंडळी, मग रस्ता

एकट्याने, कुणालाही न सांगता काम सुरू करू नका. ज्या मंडळीने (चर्चने) तुम्हाला नेमलं तिचं पत्र लेटरहेडवर घ्या. त्यात तुमचं नाव, कामाचा भाग आणि पाळकांचा फोन नंबर असावा. मूळ पत्र घरी ठेवा, झेरॉक्स आणि आधार कार्ड पिशवीत. पोलिसांनी विचारलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, तरी हेच पत्र दाखवायचं आहे.

लोक तुम्हाला पहिल्या दिवसापासून ‘पास्टर’ म्हणतील. तुमचा दीक्षाविधी झालेला नसेल तर तिथल्या तिथे, हसून, दुरुस्ती करा: “मी सुवार्तिक आहे, आमचे पास्टर वेगळे आहेत.” नंतर कुणी लग्न लावायला बोलावलं तर ही दुरुस्ती कामी येते. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याखाली होतात आणि ते लावण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच असतो.

ज्या भागात जाणार तिथल्या चर्चमध्ये आधी जाऊन या. ख्रिस्ताचं नाव इथे आपल्याबरोबर आलेलं नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्याशांनी ठाण्यातच ख्रिस्तासाठी प्राण दिले. त्यांचे सोबती जॉर्डनस यांनी त्यांची शरीरं सोपाऱ्याला नेऊन पुरली आणि काम चालू ठेवलं. पुढे ते कोल्लमचे बिशप नेमले गेले. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातलं आहे. कारागृहाजवळचं सेंट जेम्स चर्च १८२५ सालचं. ठाण्याची ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणारी इथली मूळची घराणी पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती आहेत आणि त्यांची मराठी बोली ऐकण्यासारखी आहे. अशा घरात ‘तुम्हाला येशू माहीत आहे का’ म्हणून जाऊ नका. फादरना भेटा, नमस्कार करा, तुम्ही कोणत्या भागात काम करणार ते सांगा. दुसऱ्या मंडळीतले विश्वासी आपल्या मंडळीत ओढून आणणं याला मी सुवार्ता म्हणत नाही.

पायरी २: भाग लहान निवडा

पहिल्या वर्षी दोन स्टेशनं, फार तर तीन. त्याहून जास्त धरलं तर दिवस प्रवासात जातो आणि पुन्हा जायचा शब्द मोडतो.

वस्ती बघून वेळ ठरवा. कोपरखैरणे आणि घणसोलीत माथाडी कामगारांची घरं बरीच आहेत, मूळचे सातारा, सांगली, जुन्नरकडचे. भाजी मार्केटला जाणारा माणूस पहाटे उजाडायच्या आत घर सोडतो. दुपारी तो झोपतो, आणि त्या झोपेवर त्याचा दुसरा दिवस चालतो. तिथे दुपारी दीडला बेल वाजवली तर तुमचा निरोप ऐकायच्या आधीच तुमच्याविषयी मत तयार होतं. संध्याकाळी पाच ते सात बरं. रबाळे, महापे, तुर्भेच्या एमआयडीसी पट्ट्यात शिफ्ट असते, आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही. विचारून वहीत लिहा. वागळे इस्टेट, किसननगर, लोकमान्यनगरच्या चाळींमध्ये रात्री आठनंतर माणसं भेटतात, पण तेव्हा स्वयंपाक असतो आणि मुलांचा अभ्यास. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये ओळखीशिवाय गेटच्या आत जाता येत नाही, आणि जाऊही नये. तिथे कुणी बोलावलं तरच जा. गेटवरच्या रजिस्टरमध्ये खरं नाव आणि खरं कारण लिहा: ‘भेट’. कुरिअरवाल्याच्या मागून घुसून सुवार्ता सांगायची नसते.

दिवाळे, करावे, सारसोळे, घणसोली गाव ही आगरी-कोळ्यांची जुनी गावं. नवी मुंबई यांच्या जमिनीवर, भातशेतीवर आणि मिठागरांवर उभी राहिली. इथे पहिल्यांदा जाताना गावातल्या कुणाबरोबर तरी जा. गावदेवीची जत्रा, नारळी पौर्णिमा, गणपती असताना काम ठेवू नका. त्या दिवसांत घर पाहुण्यांचं असतं.

प्रवासाचं थोडक्यात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी साधारण अर्धा तास. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो: काही गाड्या सानपाडा-वाशीला, काही जुईनगर-नेरूळ करत पनवेलकडे. चढताना इंडिकेटर वाचा. दिघा गाव स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे दिघ्याला जायला ऐरोलीहून मागे यावं लागत नाही. महिन्याचा पास काढा. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा असते. एनएमएमटी (नवी मुंबई) आणि टीएमटीच्या (ठाणे) बसला वेळ लागतो पण पैसे वाचतात.

रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रेल्वेच्या दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, मात्र आपल्या कामाच्या मुळावर येतो. उपासना रविवारी आणि ब्लॉकही रविवारी, साधारण अकराच्या सुमारापासून दुपारी चारपर्यंत. शनिवारी संध्याकाळी रेल्वेची घोषणा वाचल्याशिवाय रविवारचा शब्द कुणाला देऊ नका. सकाळची उपासना एका भागात आणि दुपारची प्रार्थना दुसऱ्या भागात असेल, तर बसचा मार्ग आधीच बघून ठेवा.

पायरी ३: पिशवी

हलकी ठेवा. एक पवित्र शास्त्र, लूक किंवा योहानाच्या शुभवर्तमानाच्या थोड्या सुट्या प्रती, एक छोटी वही, पेन, पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, नॅपकिन, चार्जर. जून ते सप्टेंबर छत्री आणि शास्त्र गुंडाळायला प्लास्टिकची जाड पिशवी. लोकलमध्ये सॅक पुढे घ्या. पत्रकांचा गठ्ठा घेऊन फिरू नका. वाटलेली पत्रकं जिन्यात पडतात, आणि ज्यावर प्रभूचं नाव आहे ते पायाखाली गेलेलं मला पाहवत नाही.

पाणी आपलंच प्या. हे आरोग्याचं आहे, अहंकाराचं नाही. मुंबईत १८१३ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्याने गेले. त्यांच्या मिशनने केलेला मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला. घरात प्यालाभर पाणी पुढे केलं तर मात्र दोन घोट घ्या.

पायरी ४: दारात आणि घरात

दोघं जा. प्रभूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं, ते लूकच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि या शहरात त्याचं शहाणपण रोज पटतं. घरात बाई एकटी असेल तर पुरुषाने उंबरा ओलांडायचा नाही. “दादा घरी असताना येतो” म्हणायचं आणि वळायचं. जोडप्याने काम केलं किंवा बरोबर एखादी वडीलधारी बहीण असली तर सगळंच सोपं होतं. मुलांना एकटं गाठून काही शिकवू नका, खाऊ देऊन जमवू नका. आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलांची प्रार्थना घ्यायची नाही, यात सवलत नाही.

दारात ‘नमस्कार’ म्हणा. ‘जय ख्रिस्त’ आपल्या लोकांसाठी. चपला बाहेर काढा. घरात आजी-आजोबा असतील तर आधी त्यांच्याशी बोला. आजी, काका, मावशी, ताई, दादा ही नाती तोंडात असू द्या. ‘सिस्टर’, ‘ब्रदर’ ऐकलं की नवीन माणसाला आपण मिशनच्या ऑफिसात आलोय असं वाटतं.

आता घरातली प्रार्थना. दिघ्याच्या इलठणपाड्यासारख्या डोंगर-उतारावरच्या वस्तीत समजा तुम्ही गेला आहात. पायऱ्या चढून दम लागलेला. खोली दहा बाय बाराची. दारात निळा ड्रम, आत पलंग, त्याखाली भांडी, भिंतीवर देव्हारा आणि त्याच्या वर मुलीचं दहावीचं सर्टिफिकेट. तुम्हाला पलंगावर बसवतील आणि घरची माणसं खाली बसतील. तुम्हीही खाली बसा. देव्हाऱ्याकडे बघून तोंड वाकडं करू नका, त्याविषयी अवाक्षर काढू नका. वचन उघडलं, प्रार्थना सुरू झाली आणि मधेच बाहेरून हाक आली, “पाणी आलं!” तर ‘आमेन’ म्हणा आणि उठा. नळ दिवसातून थोडाच वेळ असतो. बाही वर करून हंडे आत घ्यायला मदत करा. ड्रम भरला की परत बसा. ज्या घरात सुवार्तिकाने हंडा उचलला त्या घरात त्याचं वचन बसून ऐकतात, असा माझा अनुभव आहे. पण ऐकावं म्हणून उचलू नका. पाणी भरायचं आहे म्हणून उचला.

आवाज खोलीपुरता. शेजारी भिंतीला भिंत लागून आहे. तिकडे कुणी नाईट शिफ्ट करून झोपलेला असतो, कुणाच्या घरी तान्हं बाळ. टाळ्या आणि मोठ्याने गाणं यासाठी रविवारची उपासना आहे. ‘उपासना संगीता’तलं एखादं जुनं, संथ पद हळू आवाजात म्हटलं तर खोलीत शांतता येते. चौथ्या कडव्यापर्यंत जायची गरज नसते. सगळं मिळून अर्धा तास. त्यापुढे कुकरकडे कुणाचं तरी लक्ष जातंच.

खाण्याचं. पुढे ठेवलेलं खावं, घरोघर चांगल्या जेवणाच्या शोधात फिरू नये, हे लूकच्या त्याच दहाव्या अध्यायात सांगितलंय. चहा नको असेल तर अर्धा कप घ्या. भाजी-भाकरी वाढली तर पोटभर नसेल तरी दोन घास. आणि प्रसाद? हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. पौलाने करिंथकरांना लिहिताना यावर सविस्तर लिहिलंय आणि प्रत्येक मंडळीची शिकवण थोडी वेगळी आहे. आपल्या पाळकांना विचारून ठेवा. घ्यायचा नसेल तर दारात धर्मचर्चा नको. दोन्ही हात जोडून म्हणा, “ताई, मला पाणी चालेल.” ज्या प्रेमाने त्यांनी ताटली पुढे केली, त्याच प्रेमाने नकार जायला हवा. ताटली ढकलणारा हात लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

उठताना पुढची तारीख विचारा, सांगू नका. “पुढच्या गुरुवारी आलो तर चालेल?” ‘नको’ म्हणाले तर ‘बरं’ म्हणायचं, आणि रस्त्यात दिसले की तितक्याच मोकळेपणाने हसायचं. ‘या’ म्हणाले तर जिना उतरल्यावर लगेच वहीत लिहायचं. माझ्या वहीतल्या नोंदी साधारण अशा असतात: ‘आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन, मंगळवार. मोठ्याची आयटीआय अॅडमिशन. दादा बोलले नाहीत, पण दारापर्यंत आले. गुरुवार, सहा वाजता.’ आडनाव, जात, पगार, आधार नंबर असलं काही लिहू नका. वही हरवली तरी कुणाचं नुकसान होता कामा नये.

पायरी ५: आधी ऐकणं

अम्माऊसच्या वाटेवर मरणातून पुन्हा उठलेला प्रभू स्वतः दोन शिष्यांना भेटला. त्याने आधी विचारलं, तुम्ही कशाविषयी बोलत आहात? आणि मग त्यांचं सगळं दुःख ऐकून घेतलं. विहिरीजवळ त्याने शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. फिलिप्पाने रथातल्या माणसाला विचारलं, वाचताय ते समजतंय का? तिन्ही ठिकाणी सुरुवात विचारण्यापासून आहे. आपण मात्र दारात पाय टाकल्याबरोबर उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पोचायला निघतो.

पहिल्या दोन-तीन भेटी ऐकण्यात गेल्या तरी वाया गेल्या असं समजू नका. घरभाडं, सासूचं आजारपण, कंपनीत कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, दारू. हे ऐकताना मधेच वचन चिकटवू नका. “बायबल काय म्हणतं माहीत आहे का?” हे वाक्य रडणाऱ्या माणसाला थांबवतं. ऐकून झाल्यावर विचारा, “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” हो म्हणाले तर त्यांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत देवापुढे ठेवा. मग ते विचारतील, आणि विचारतातच, की तुम्ही हे का करता. तेव्हा बोला. तेव्हा मागे राहू नका, लाजू नका. येशूने तुमच्यासाठी काय केलं ते साध्या मराठीत सांगा. ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘नवा जन्म’ हे शब्द आपल्याला घरचे आहेत, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते समजावून द्यावे लागतात.

लोकलच्या डब्यात उभं राहून भाषण करू नका. तिथे माणूस उठून जाऊ शकत नाही, आणि ज्याला जाता येत नाही त्याला ऐकवणं बरोबर नाही. तरी प्रवासात काही होत नाही असं नाही. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात होते. गाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, आणि त्याने त्यांना नवा करार भेट दिला. टिळकांनी तो वाचला, झगडले, पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे मराठी ख्रिस्ती मंडळीला त्यांनी अभंग आणि भजनं दिली, जी आजही आपल्या उपासनेत गातात. गाडीतल्या त्या माणसाचं काम एवढंच होतं: शेजाऱ्याशी माणसासारखं बोलणं आणि एक पुस्तक देणं. तुमच्या शेजारी बसलेल्याने पुस्तकाकडे बघून काही विचारलं, तर सुटी प्रत द्या. विचारलं नाही, तर तुमचं स्तोत्र वाचत राहा.

पायरी ६: आजारी माणूस

सुवार्तिकाला सगळ्यात जास्त बोलावणी आजारासाठी येतात. कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय असो की नेरूळचं खासगी, भेटीच्या वेळेतच जा. वॉर्डमधल्या सिस्टरना विचारा. पेशंटने किंवा घरच्यांनी सांगितलं तरच प्रार्थना करा, आणि ती शेजारच्या खाटेवर ऐकू जाणार नाही इतक्या हळू. वॉर्डात पत्रकं वाटायची नाहीत. डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारा. सलाईनचा हात धरू नका.

देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे आणि मी त्यासाठी मागतो. पण औषध थांबवा असं कधीही, कुणालाही म्हणू नका. टीबीच्या गोळ्या, इन्सुलिन, फिटची औषधं, मानसोपचारांची औषधं प्रार्थनेनंतरही चालू राहतात, आणि डॉक्टरच बंद करतात. शास्त्रातला लूक स्वतः वैद्य होता. चमत्काराची जाहिरात करून लोकांना फसवणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, हे खरं. पण कायदा नसता तरी ज्या आईने आपल्या शब्दावर मुलाच्या गोळ्या बंद केल्या, तिला आपण काय उत्तर देणार होतो? त्यापेक्षा सोनोग्राफीच्या रांगेत तिच्याबरोबर उभे राहा, केसपेपर काढून द्या, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो ते शोधा. आणि डिस्चार्ज झाल्यावर घरी जा. दवाखान्यात बरेच जण येतात. घरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही, आणि पेशंटचं मन नेमकं तेव्हा खचतं.

पायरी ७: कायदा आणि विरोध

राज्यघटनेचं २५ वं कलम धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादा त्यातच आहेत. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. मला यात अडचण दिसत नाही. मन बदलणं हे आपलं काम नाहीच, ते पवित्र आत्म्याचं आहे. राज्यात सध्या कोणते नियम लागू आहेत ते मंडळीच्या वकिलांकडून लेखी घेऊन ठेवा, आणि दर वर्षी पुन्हा विचारा.

दुसऱ्याच्या देवाविषयी, गुरूविषयी, ग्रंथाविषयी वाईट शब्द नको. भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमाने धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं गुन्हा आहे. शिवाय अपमान झालेला माणूस प्रेमाविषयी ऐकायच्या मनःस्थितीत कसा राहील? लाऊडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. घरगुती प्रार्थनेला स्पीकर लागतच नाही.

कुणी येऊन हटकलं तर वाद घालू नका, मोबाईल काढून शूटिंग करू नका. नाव सांगा, पत्र दाखवा, घरमालकाला त्रास होणार असेल तर प्रार्थना थांबवून निघा. पोलीस स्टेशनला बोलावलं तर जा, पण पाळकांना आणि वकिलांना कळवून. दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन करा. घाबरलेली ती असतात, आपण तर गल्ली सोडून गेलेलो असतो.

बाप्तिस्म्याची घाई करू नका. माझं मत विचाराल तर किमान वर्षभर वचन शिकवा, घरच्यांना माहीत असू द्या, आणि सगळे परिणाम आधी सांगा. अनुसूचित जातीतल्या व्यक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार तो दर्जा राहत नाही. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, सगळ्यावर परिणाम होतो. हे कळूनही तो माणूस येत असेल तर त्याचं येणं त्याचं स्वतःचं असेल. हे लपवून त्याला आणलं तर आपण त्याची फसवणूक केली.

पायरी ८: पैसे

रेशन, फी, औषधाची मदत आणि सुवार्ता एकाच भेटीत कधीही नको. हा नियम मी सगळ्यात कडक धरतो. मदत खरंच हवी असेल तर मंडळीला कळवा. मदत दुसऱ्या माणसाच्या हातून, दुसऱ्या दिवशी, काहीही न मागता जाऊ द्या. आजाऱ्याच्या घरातून पाकीट घेऊ नका. अर्पण द्यायचंच असेल तर मंडळीच्या खात्यात, पावतीसह. स्वतःचा क्यूआर कोड दाखवणं म्हणजे संशयाला आमंत्रण. परदेशातून कुणी पैसे पाठवतो म्हणालं तर आधी मंडळीला विचारा. परदेशी देणगीला २०१० च्या कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा परवानगी लागते. पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी नेताना बरोबर इतर भाऊ घेतले, कुणी बोट ठेवू नये म्हणून. आपण त्याच्यापेक्षा मोठे नाही.

तुमचं मानधन कमी असेल, आणि असेलच. पौल तंबू शिवायचा. अर्धवेळ नोकरी, शिकवणी, डिलिव्हरी, इलेक्ट्रिकलचं काम, काहीही प्रामाणिक करा, त्यात कमीपणा नाही. बायकोमुलांचं भाडं थकवून घरोघर आशेविषयी बोलू नका.

पायरी ९: स्वतःचं मन

सकाळी फोन बघायच्या आधी वचन वाचा, आणि ते स्वतःसाठी वाचा. संध्याकाळी कुठे सांगायचंय म्हणून नव्हे. या कामात असे महिने येतात की एक दार उघडत नाही, घरी सासरे विचारतात ‘नोकरी कधी’, आणि प्रार्थनेत शब्द येत नाहीत. एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. म्हणून आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या. सोमवार बरा. मुलांना घेऊन उपवनला नाहीतर तलावपाळीला जा. कुणाला काही सांगायला नको, नुसतं बसा.

महिन्याकाठी किती माणसं ‘आली’ याचा हिशेब मंडळी मागेल. भेटी किती झाल्या आणि त्यातल्या किती ठरल्या दिवशी झाल्या ते द्या. बाकीचं पीक धन्याचं आहे. आकडे फुगवून दिले की पुढच्या महिन्यात त्या आकड्यांचं ओझं तुमच्या गुडघ्यांवर येतं, आणि प्रार्थना खोटी व्हायला लागते.

एक वडीलधारा माणूस शोधा, ज्याला सगळं सांगता येईल: मोह, राग, पैशांची ओढाताण. तो तुमच्या मंडळीतला नसला तरी चालेल.

पायरी १०: सोपवून देणं

नवी मुंबईत भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. ज्या घरी वर्षभर गुरुवार केले ते कुटुंब एक दिवस सांगतं, “आम्ही मे महिन्यात उलव्याला चाललोय.” अशा वेळी त्यांना धरून ठेवू नका. दर रविवारी दोन गाड्या बदलून या असं म्हणू नका. नेरूळ-उरण मार्ग आता आहे, पण लहान मुलांना घेऊन रविवारी ते जमत नाही, आणि दोन महिन्यांत येणं थांबतं.

घर बदलायच्या आधीच त्या भागातली मंडळी शोधा. तिथल्या पाळकांना स्वतः भेटा. कुटुंबाविषयी तेवढंच सांगा जेवढं सांगायला त्यांनी हरकत घेतलेली नाही. पहिल्या रविवारी त्यांच्याबरोबर जा, ओळख करून द्या आणि मागच्या बाकावर बसा. उपासनेनंतर चहाच्या वेळी कुणीतरी त्यांच्याशी बोलतंय का तेवढं बघा. नसेल तर एखाद्या मावशींना नेऊन त्यांच्याजवळ बसवा. दुसऱ्या रविवारी जाऊ नका. बुधवारी फोन करून विचारा, “तिकडे कसं वाटलं?” आणि नवीन पाळकांबद्दल तक्रार केली तर ऐकून घ्या, पण तिला खतपाणी घालू नका. वहीत त्यांच्या नावापुढे नव्या पाळकांचा नंबर लिहा. गुरुवार सहाची वेळ मोकळी झालीय, तिथे त्याच गल्लीतलं पुढचं घर येऊ द्या.